मागच्या चाकाचा ढिलेपणा आणि ‘झीज’ म्हणून नाकारलेली वॉरंटी : तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : माउंटन बाइकच्या मागच्या हबमधील (चाकाच्या मधल्या गाभ्यातील) दोष आणि सर्व्हिस सेंटरचे चुकीचे निदान

स. न. वि. वि.

गेल्या दिवाळीत मी आपल्या कंपनीची सात गिअरची, डिस्क ब्रेकची माउंटन बाइक साताऱ्यातल्या अधिकृत दालनातून घेतली. वॉरंटीची मुदत अजून संपलेली नाही. घेतल्यानंतर थोड्याच दिवसांत मागचे चाक ढिले वाटू लागले. यवतेश्वरचा घाट उतरताना वळणावर सायकल कलली की मागची बाजू क्षणभर सरकल्यासारखी वाटे आणि डिस्क मधूनच घासायची. ही तक्रार मी लगेच सर्व्हिस सेंटरला नोंदवली. जॉब कार्डवर ‘मागचे चाक हलते’ असे तिथल्याच माणसाने लिहिले आहे.

तिथे काय झाले? पहिल्या खेपेला ‘क्विक रिलीज सैल होतं, घट्ट केलं’ (क्विक रिलीज म्हणजे चाक फ्रेमला आवळणारा खटका) असे सांगितले. चार दिवसांत चाक पुन्हा हलू लागले. मग स्पोक आवळून चाकाचा आऊट (रिमचा वाकडेपणा) काढून दिला. त्यानंतर ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) सरकवून ‘आता घासणार नाही’ म्हणून परत पाठवले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! हब मात्र एकदाही उघडला नाही.

शेवटी मी राजवाड्याजवळच्या एका जुन्या सायकल कारागिरांकडे गेलो. त्यांनी आधी क्विक रिलीज घट्ट आहे ना आणि फ्रेमच्या खाचेत एक्सल (चाकाचा आस) हलत नाही ना, एवढे पाहिले. मग एका हाताने फ्रेम धरून दुसऱ्या हाताने रिम डावी-उजवीकडे ढकलली. बोटांना स्पष्ट टक् जाणवत होते. चाक पाव फेरा फिरवून पुन्हा तेच केले, तरी टक् तसेच. ते म्हणाले, “आऊट असता तर रिम एकाच जागी फ्रेमकडे आली असती. हे सगळीकडे सारखं हलतंय, म्हणजे कोन ढिले आहेत.” कोन म्हणजे एक्सलवरचे शंकूच्या आकाराचे नट, ज्यांवर बेअरिंगचे छर्रे फिरतात. चाक काढून त्यांनी एक्सल दोन बोटांत फिरवला, तर तो अडखळत फिरत होता आणि उजवे टोक गोल गोल झुलत होते. एक्सल वाकला होता. “मी खोलत नाही, वॉरंटी जाईल तुमची. कंपनीलाच खोलायला लावा,” असे बजावून त्यांनी मला परत पाठवले. पैसे घेतले नाहीत.

मी हट्ट धरल्यावर सर्व्हिस सेंटरने माझ्यासमोर हब उघडला. एका बाजूचा चेकनट (कोन जागेवर पक्का धरणारा नट) कोनवर आवळलेलाच नव्हता, तो हातानेच फिरला. ग्रीस काळे पडले होते आणि उजव्या कोनच्या छर्रे फिरतात त्या पट्ट्यावर नखाला लागतील असे खड्डे होते. फोटो सोबत जोडले आहेत. एवढे होऊनही आपल्याकडून उत्तर आले की कोन आणि छर्रे हे ‘झिजणारे भाग’ आहेत, ते वॉरंटीत बसत नाहीत.

हे मला मान्य नाही. कोन ढिला असला की भार सगळ्या छर्ऱ्यांवर सारखा पडत नाही. मोजक्या छर्ऱ्यांवर आदळून कोनवर खड्डे पडतात. म्हणजे ढिलेपणा आधी, झीज नंतर. आणि ढिलेपणाची तक्रार मी सुरुवातीलाच लेखी दिली होती. त्याच वेळी कोन पाना लावून चेकनट आवळला असता तर कोन वाचला असता. शिवाय या हबमध्ये फ्रीव्हील (मागच्या गिअरच्या चकत्यांचा संच) आट्यांवर बसते, त्यामुळे उजवीकडचे छर्रे फ्रेमपासून बरेच आत राहतात आणि एक्सलचा तेवढा भाग आधाराविना असतो. अशी रचना असलेल्या हबचा एक्सल आधी तपासायला हवा, हे तुमच्या कारागिरांना ठाऊक असायला हवे.

घाटाच्या उतारावर हा एक्सल तुटला असता तर काय झाले असते, याचा विचार करा. ही सायकल कॉलेजात जाणारा माझा मुलगाही चालवतो. म्हणून मला नुसती दुरुस्ती नको. माझी मागणी अशी : मागचे चाक नव्या हबसह विनामूल्य बदलून द्यावे, आधीच्या खेपांना घेतलेली मजुरी परत करावी, आणि ‘चाक हलते’ अशी तक्रार आली की आधी हब तपासण्याची लेखी सूचना आपल्या सर्व सर्व्हिस सेंटरना पाठवून तिची प्रत मला द्यावी. या शेवटच्या मागणीवर मी सर्वात जास्त अडून आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. जुना कोन आणि एक्सल मी मागून घेतले आहेत. ते माझ्याकडे जपून ठेवले आहेत.

कळावे,
आपला ग्राहक,
सातारा

सोबत : बिलाची प्रत, सर्व जॉब कार्डे, उघडलेल्या हबचे फोटो