स्वस्त मॉडेलमधून काय काढले, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नवा फोन बाजारात आला की त्याची किंमत, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि बॅटरीचा आकडा वर्तमानपत्रांत छापून येतो. एकाच नावाच्या तीन-चार मॉडेलांपैकी स्वस्त मॉडेल नेमके कशात कमी आहे आणि ते कमीपण तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुठे जाचेल, हे मात्र बहुधा येत नाही. दुकानातले गिऱ्हाईक नेमके तिथेच अडते. वीस हजार जास्त घालावेत की नाही? मोबाइल विक्री आणि दुरुस्तीच्या धंद्यात असल्याने आमचे यावर स्पष्ट मत आहे. बहुतेकांना स्वस्त मॉडेल पुरते. मात्र वाचलेल्या पैशांतले काही स्टोरेजवर घालावेत, आणि जी गोष्ट पुढे विकत आणून फोनला जोडता येत नाही, ती आधी पारखून घ्यावी.

उदाहरण म्हणून आयफोन १६ई घेऊ. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो १२८ जीबीसह ५९,९०० रुपयांना आला. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन १६ हा ७९,९०० ला आणि १६ प्रो १,१९,९०० ला आला होता. १६ई आणि १६ या दोघांत ए१८ हीच चिप आणि ८ जीबी रॅम आहे. १६ईच्या चिपमध्ये ग्राफिक्सचा एक कोर कमी, पाचऐवजी चार. व्हॉट्सॲप, यूपीआय, बँकेचे ॲप, नकाशे या कामांत हा फरक कुणालाही ओळखता येणार नाही. चिप एकाच पिढीची असल्याने एकाला अपडेट मिळत राहतील आणि दुसऱ्याचे लवकर बंद होतील, असे मानायलाही कारण नाही. बॅटरीत तर स्वस्त मॉडेलच सरस आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार १६ईवर २६ तास व्हिडिओ चालतो, १६वर २२ तास. आतली मांडणी बदलून मोठी बॅटरी बसवली आहे आणि कंपनीचा स्वतःचा सी१ मोडेम, म्हणजे नेटवर्कशी जोडणारी चिप, वीज कमी खातो.

मग काढले काय? पहिली गोष्ट पडद्याची. दोन्हींचा पडदा ६.१ इंची ओएलईडी, ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा. फरक उजेडाचा आहे. १६ईची कमाल चमक एरवी ८०० निट (निट हे चमक मोजायचे एकक), १६ची १००० निट, आणि उन्हात १६ची २००० निटपर्यंत चढते. घरात किंवा कचेरीत याने काही बिघडत नाही. हँडलला फोन लावून नकाशा बघत पार्सल पोचवणाऱ्याला, साइटवर उभे राहून नकाशे तपासणाऱ्या अभियंत्याला हा फरक रोज जाणवतो. पण उन्हातली ती जादा चमक ऑटो-ब्राइटनेस चालू असेल तरच मिळते. बॅटरी वाचवायला अनेक जण ते बंद करून ठेवतात आणि मग महागाचा फोनही उन्हात दिसत नाही म्हणून तक्रार घेऊन येतात. शिवाय फोन तापला की तो पडदा आपोआप मंद करतो. कंपनीने वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगितले आहे; मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा ४५च्या आसपास असतो. तिथे भर दुपारी महाग मॉडेलची पूर्ण चमकही फार वेळ टिकत नाही, हे विदर्भातल्या ग्राहकाला आधीच सांगायला हवे.

दुसरी गोष्ट भिंगांची. १६ईला मागे ४८ मेगापिक्सेलचा एकच कॅमेरा आहे. १६ला सोबत १३ मिमीचा अल्ट्रावाइड मिळतो; मिमीचा आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद. घरातल्या साखरपुड्यात दहा बाय दहाच्या खोलीत सगळ्यांना एका फोटोत घ्यायचे असते, तेव्हा याचा कस लागतो. दोन मीटरवरून २६ मिमीच्या मुख्य भिंगात आडवा सुमारे २.७ मीटरचा पट्टा मावतो, १३ मिमीच्या भिंगात त्याच्या दुप्पट. १६ई घेऊन भिंतीला पाठ टेकवली तरी कडेची माणसे कापली जातात. अगदी जवळून टिपणारा मॅक्रोही नाही, त्यामुळे औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे टिपायला फोन अगदी जवळ नेला की फोकस सुटतो. त्यावर मात्र उपाय आहे: वीतभर मागे यावे आणि दुप्पट झूमचे बटण दाबावे. ते झूम सेन्सरच्या मधला १२ मेगापिक्सेलचा भाग वापरते, म्हणून अक्षरे स्वच्छ येतात.

मॅगसेफ, म्हणजे चुंबकाने चिकटणारे वायरलेस चार्जिंग, नाही याचा गवगवा जितका झाला तितके त्याचे महत्त्व नाही. १६ईचे वायरलेस चार्जिंग ७.५ वॅटचे आहे आणि धरून ठेवायला चुंबक नसल्याने फोन पॅडवर जरा तिरका राहिला की दोन कॉइल समोरासमोर येत नाहीत, फोन तापतो आणि सकाळी बॅटरी अर्धीच भरलेली दिसते. चुंबकाची रिंग असलेले कव्हर घातले की जागा बरोबर बसते. वेग मात्र ७.५ वॅटच राहतो. वायरने चार्ज करणाऱ्याला हा प्रश्नच येत नाही. अल्ट्रा वाइडबँड चिप नसल्याने एअरटॅग (किल्ल्या-पिशवीला लावायची शोधचकती) कुठल्या दिशेला, किती अंतरावर आहे हे बाणाने दिसत नाही, आवाजावरून शोधावा लागतो. वाय-फाय ७ नाही, पण घरचा राउटरही त्या दर्जाचा नसेल तर त्याचा उपयोगही नाही.

स्टोरेजकडे मात्र दुर्लक्ष करू नये. आयफोनमध्ये मेमरी कार्ड घालता येत नाही, त्यामुळे खरेदीच्या वेळी जे घेतले तेच शेवटपर्यंत. फोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेले असते की 'फोरके'चा ६० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला सुमारे ४०० एमबी खातो, ३० फ्रेमचा १७० आणि १०८०चा ३० फ्रेमचा ६० एमबी. लग्नातले वीस मिनिटांचे चित्रण पहिल्या सेटिंगवर केले तर ८ जीबी संपले. फोन काठोकाठ भरला की आधी व्हॉट्सॲपचा बॅकअप अडतो, मग कॅमेरा जागा नाही म्हणतो, आणि शेवटी अपडेट उतरत नाही, कारण ते उलगडायलाच काही जीबी मोकळे लागतात. फोन मंद झाला म्हणून दुकानात येणाऱ्या कितीतरी फोनांचे दुखणे एवढेच असते. १२८ जीबी घेतलाच असेल तर सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे जाऊन पहिल्या दिवशीच १०८० निवडावे.

१६ई २५६ जीबीसह ६९,९०० रुपयांना आला, म्हणजे दुप्पट जागेला दहा हजार जास्त. ते वाचवून आयक्लाउडची २०० जीबी जागा घेतली तर महिना २१९ रुपये, पाच वर्षांत १३,१४० रुपये होतात. फोन हरवला तरी क्लाउडवरचे फोटो राहतात, हा त्याचा मोठा फायदा आहे आणि ज्यांना तो हवा त्यांनी जरूर घ्यावा. फक्त जागा हवी असेल तर दहा हजार एकदाच देणे स्वस्त पडते.

सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ आल्यावर हे गणित बदलले, आणि इथेच ग्राहक फसतो. १७ची किंमत ८२,९००. पडदा १२० हर्ट्झचा, उन्हात ३००० निटपर्यंत. ५९,९०० शी तुलना केली तर २३,००० चा फरक दिसतो. पण १७ची सुरुवातच २५६ जीबीपासून होते. सारख्या स्टोरेजची तुलना ६९,९०० आणि ८२,९०० अशी करायला हवी. फरक १३,००० चा, पाच वर्षांवर पसरला तर महिना २१७ रुपये. उन्हात काम असणाऱ्याने, आणि जो २५६ जीबी घेणारच आहे त्याने, हे पैसे घालावेत असे आम्ही म्हणू. ज्याला १२८ जीबी पुरते आणि ज्याचा दिवस छपराखाली जातो, त्याला १६ई पुरेसा आहे. आयफोन १६ तेव्हाच ६९,९०० वर उतरला, पण १२८ जीबीत. तो घ्यायचा तर केवळ अल्ट्रावाइडसाठी. हप्त्यांवर घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये विक्रेता किंवा कंपनी व्याजाएवढी सूट देते, पण बँक लावते त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क वेगळे भरावे लागते.

प्रो मॉडेल कुणासाठी? १६ प्रोचे १२० मिमीचे पाचपट झूम शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून रंगमंचावरचे मूल टिपते. १६ईचे डिजिटल झूम तिथे चेहरा पुसट करते. व्हिडिओचे काम करणाऱ्यांना यूएसबी ३चा वेग, सेकंदाला १० गिगाबिट, उपयोगी पडतो. १६ई आणि १६वर तो ४८० मेगाबिटच आहे, म्हणजे १०० जीबीचे चित्रण संगणकावर उतरवायला अर्ध्या तासाच्या आसपास तरी लागणारच. पण प्रोच्या खोक्यात येणारी केबलही यूएसबी २चीच असते. वेगळी केबल न घेता प्रो वापरणाऱ्याला तो वेग कधीच मिळत नाही.

अँड्रॉइडमध्ये भावंडांतला फरक नावावरून आणखी कमी कळतो. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या रेडमी नोट १३ मालिकेत साधा १७,९९९, प्रो २५,९९९ आणि प्रो प्लस ३१,९९९ पासून होता. तिन्हींचा पडदा १२० हर्ट्झचा, त्यामुळे दुकानात हातात घेतल्यावर तिन्ही सारखेच सुळसुळीत वाटतात. फरक पुढे दिसतो. साध्या आणि प्रोमध्ये स्टोरेज यूएफएस २.२ जातीचे, प्रो प्लसमध्ये त्याहून वेगवान ३.१. साध्याच्या १०८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला हात हलण्याची भरपाई करणारे ओआयएस नाही, त्यामुळे रात्रीचे फोटो हलतात. प्रोला ते आहे. पाण्यापासूनचे आयपी६८ संरक्षण फक्त प्रो प्लसला. या दरात आम्हाला मधला प्रो पैशाला सर्वांत रास्त वाटतो. गॅलेक्सी एस२४ची गंमत वेगळी नाही: भारतात आले तेव्हा एस२४ आणि एस२४ प्लसला एक्सिनोस २४०० चिप, अल्ट्राला स्नॅपड्रॅगन ८ जेन ३, आणि एस२४च्या १२८ जीबी मॉडेलचे स्टोरेज २५६ जीबीपेक्षा जुन्या जातीचे, यूएफएस ३.१. सात वर्षांच्या अपडेटचे वचन मात्र सगळ्यांना सारखे. सात वर्षे वापरायचा फोन १२८ जीबीत घेऊ नये.

दुकानात पारखताना कंपनीने भरून ठेवलेला डेमो व्हिडिओ बघू नका. दोन्ही फोनांवर नोट्सचे पांढरे पान उघडा, ऑटो-ब्राइटनेस चालू ठेवा आणि दुकानदाराला विचारून दारात, उन्हात या. अक्षरे दोन्हींवर सहज वाचता आली तर पडद्यासाठी जास्त पैसे देऊ नका. मग तीन फोटो काढा: दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्याचा, खोक्यावरच्या बारीक अक्षरांचा आणि समोरच्या दुकानाच्या पाटीचा. ते मोठे करून शेजारी शेजारी बघा.

दुरुस्तीचाही विचार हवा. १ ते १२० हर्ट्झ असा वेग बदलणारा प्रोचा पडदा फुटला तर त्याचा फोल्डर, म्हणजे काचेसह अख्खा पडदा, साध्या मॉडेलपेक्षा बराच महाग पडतो. मग लोक इन-सेल एलसीडीचा स्वस्त फोल्डर टाकून घेतात. त्याचा बॅकलाइट सतत पेटता असल्याने काळा रंग करडा दिसतो आणि बॅटरी लवकर उतरते. ओरिजिनल पार्ट नसेल तर आयफोनच्या सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे तशी नोंद दिसते. जुना प्रो सेकंडहँड घेताना हे पान आणि बॅटरीचे पान आधी उघडावे. आयफोन १५ पासून चार्ज सायकलचा, म्हणजे बॅटरी पूर्ण एकदा वापरली जाण्याच्या फेऱ्यांचा, आकडा तिथे दिसतो. १००० सायकलनंतर ८० टक्के क्षमता उरावी, अशी त्या बॅटऱ्यांची रचना आहे. ७०० सायकल झालेला प्रो नव्या १६ईच्या किमतीला मिळत असेल तर घेऊ नये. नातेवाइकांकडून अमेरिकेतला फोन मागवणाऱ्यांनी एक जाणून घ्यावे: तिथल्या आयफोनांना १४ पासून सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदवले जाणारे सिम, चालते. आपली कंपनी आपल्या भागात ई-सिम देते का, हे आधी विचारावे.

संपादक महोदय, आमची विनंती एवढीच. फोनची बातमी देताना त्याच मालिकेतल्या मॉडेलांचा तक्ता द्या आणि त्यात मेगापिक्सेलऐवजी सहा रकाने ठेवा: सारख्या स्टोरेजची किंमत, उन्हातली चमक, कोणती भिंगे नाहीत, स्टोरेजची जात, अपडेट कोणत्या वर्षापर्यंत, आणि कंपनीच्या सेवाकेंद्रातला बॅटरी व पडदा बदलण्याचा दर. शेवटचा रकाना भरायला सेवाकेंद्राला एक फोन करावा लागेल, पण वाचकाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होईल.

आपले,
मोबाइल विक्री व दुरुस्ती व्यवसायातील दोन वाचक, पुणे