जुना संगणक लगेच भंगारात काढू नका

महोदय,

राजारामपुरीत माझं डीटीपीचं (संगणकावर छपाईचा मजकूर जुळवण्याचं) दुकान आहे. ऐन लग्नसराईत पत्रिका निम्म्यावर आली की जुनं मशीन निळा स्क्रीन दाखवून बंद पडायचं. दुरुस्तीवाल्यानं दोनदा फॉरमॅट मारला, मग ‘नवीनच घ्या’ म्हणाला. डबा उघडून बघितला तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा जाड थर, दोन्हींमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली! ती बदलूनही मेमटेस्टमध्ये, म्हणजे रॅम (मेमरी) तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चुकांच्या लाल ओळी आल्या, म्हणून रॅमच्या पट्ट्या एकेक काढून तपासल्या. एक खराब निघाली. आता मशीन सुरळीत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्याचं कारण सांगून गिऱ्हाइकाला घाबरवलं जातं. पण मशीन तापण्याशी त्याचा काय संबंध? दुरुस्तीवाल्यांनी आधी तापमान आणि रॅम तपासावी, फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

– एक डीटीपी व्यावसायिक, राजारामपुरी, कोल्हापूर