धाडीआधी कागद

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

एनसीबीत, म्हणजे अमली पदार्थांविरुद्ध काम करणाऱ्या केंद्राच्या नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोत, जायचंय म्हणतेस, तर आधी दार कुठलं ते बघ. पदवीनंतर थेट शिरायचं तर स्टाफ सिलेक्शन कमिशनची सीजीएल, म्हणजे केंद्राच्या नोकऱ्यांसाठी पदवीधरांची सामाईक परीक्षा. त्यात एनसीबीचं पद 'सब-इन्स्पेक्टर / ज्युनिअर इंटेलिजन्स ऑफिसर' या नावाने येतं. वय 18 ते 30, मूळ वेतन 35,400 पासून. त्याच यादीत सेंट्रल ब्यूरो ऑफ नार्कोटिक्सचाही सब-इन्स्पेक्टर असतो. नावं जुळी, खाती वेगळी. एनसीबी गृहमंत्रालयाची, दुसरं अर्थमंत्रालयाचं, मुख्यालय ग्वाल्हेरला, आणि अफूच्या शेतीचे परवाने देणं हे त्याचं मोठं काम. पसंतीक्रम भरताना घाई केलीस तर भलतीकडेच जाशील.

परीक्षेचा पहिला टप्पा टियर-1, म्हणजे 60 मिनिटांत 100 प्रश्न, चुकीला अर्धा गुण वजा, ती चाळणी. गुण मोजतात टियर-2 चे. गणित-इंग्रजीची तयारी सगळेच करतात. घात होतो तो संगणकाच्या 20 प्रश्नांत आणि 15 मिनिटांच्या टायपिंगमध्ये. दोन्हींत पास होणं पुरतं, म्हणून कोणी मनावर घेत नाही, आणि चांगले गुण असूनही नाव गळतं. उंची आणि शारीरिक चाचणीचे निकष पदागणिक बदलतात. जाहिरात आली की अर्जाआधी ते वाच.

आता खरं काम. टीव्हीवर दिसते ती धाड. खटला उभा राहतो तो कागदावर. अमली पदार्थांसाठीचा एनडीपीएस कायदा 1985 चा. गांजा 20 किलो, हेरॉईन 250 ग्रॅम, मेफेड्रोन 50 ग्रॅम, यापुढे ती कायद्याच्या भाषेत 'व्यावसायिक मात्रा': किमान 10 वर्षं, जामीनही महाकठीण. शिक्षा एवढी कडक, म्हणून न्यायालय कार्यपद्धतीही तितक्याच कडकपणे तपासतं.

घरावर धाड टाकायची तर मिळालेली खबर आधी लिहून काढायची आणि 72 तासांत तिची प्रत वरिष्ठांकडे: कलम 42. अंगझडतीआधी त्या माणसाला सांगायचं, जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्यायला लावण्याचा तुला हक्क आहे: कलम 50. दोघे पकडले तर प्रत्येकाला वेगळं सांगायचं. एकत्र सांगितलं, किंवा पथकातलाच अधिकारी पर्याय म्हणून पुढे केला, तर काय होतं ते सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालात आहे; आरोपी सुटले. बाईची झडती बाईनेच घ्यायची, त्यामुळे तुला रात्री-अपरात्री बोलावणं येणार हे धरून चाल.

मुद्देमालाचे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर, दोन-दोन संच; 2022 च्या नियमांनुसार गांजा, चरस, अफू 24 ग्रॅम, बाकी 5 ग्रॅम. पंचनाम्यातलं वजन आणि प्रयोगशाळेत पोचलेलं वजन जुळलं नाही, सीलचा ठसा पुसट आला, मुद्देमाल कोणाच्या ताब्यात होता याची एक नोंद करायची राहून गेली, की बचावाचे वकील तिथेच बोट ठेवतात. आरोपीच्या कबुलीवर विसंबू नकोस. कलम 67 खाली दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे 2020 पासून ठरलेलं आहे.

तुझी बीएस्सी केमिस्ट्री वाया जायची नाही. ॲसेटिक अनहायड्राइड, एफेड्रिन अशी अमली पदार्थ बनवायला वापरली जाणारी रसायनं कारखान्यातून कुठे वळतात ते खरेदी-विक्रीच्या नोंदवह्यांत शोधावं लागतं. तिथे ताळेबंद वाचता येणाराही लागतो, म्हणून जमाखर्चाचं थोडं शिकून ठेव.

दिवाळीला येशील तेव्हा कलम 41 ते 57 मूळ इंग्रजीतून वाचून ये. अडेल तिथे पेन्सिलने खूण कर, आपण बसून बघू.

तुझे बाबा