रशियन टॉय : वजनाआधी गुडघे आणि दात पाहा

संपादक महोदय,

'टीकप' म्हणून किलोभर वजनाची कुत्री हल्ली हौसेने घेतली जातात. टीकप नावाची कोणतीही जात नाही. रशियन टॉय ही जगातल्या सर्वांत लहान जातींपैकी एक. तिची उंची २० ते २८ सेंटिमीटर, वजन ३ किलोपर्यंत. पण एफसीआय या श्वानसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मानकानुसार १ किलोपेक्षा कमी भरणारा कुत्रा प्रदर्शनातून थेट बाद होतो. ही मर्यादा का आहे, हे घेणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लिश टॉय टेरियर रशियातल्या श्रीमंत घरांत लाडका होता. १९१७च्या क्रांतीनंतर ती उमरावी चैन ठरली आणि कुत्री नाहीशी होत गेली. १९५०च्या दशकात पुन्हा पैदास सुरू झाली, तेव्हा हाताशी उरली होती बहुतेक वंशावळीचे कागद नसलेली कुत्री. १२ ऑक्टोबर १९५८ रोजी मॉस्कोत आखूड केसांच्या आई-बापांना कानांवर आणि पायांवर लांब केसांची झालर असलेला नर झाला. तो चिकी. येव्गेनिया झारोवा यांनी किंचित लांब केसांच्या इर्मा या मादीशी त्याचं मेटिंग केलं आणि लांब केसांचा प्रकार उभा राहिला. हा गुण सुप्त असतो. आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. एफसीआयने या जातीला तात्पुरती मान्यता २००६ मध्ये दिली, कायमची २०१७ मध्ये. अमेरिकन केनेल क्लबची २०२२ मध्ये आली.

इतक्या थोड्या कुत्र्यांपासून वाढलेल्या जातीत वंशावळीची नोंद ही शोभेची वस्तू नाही. जवळच्या नात्यातली मेटिंग टाळायची तर तिच्यावाचून इलाज नाही.

पिल्लू पाहायला गेलात तर आई-बापांना चालताना पाहा. धावता धावता मागचा एक पाय उचलून दोन-चार पावलं तीन पायांवर टाकली आणि पाय झटकून पुन्हा नीट पळू लागला, तर गुडघ्याची वाटी सरकते आहे. अशा जनावराची पैदास करूच नये.

सहा-सात महिन्यांनंतर तोंड उघडून सुळे तपासा. दुधाचा सुळा न पडताच कायमचा आला की दोन्हींच्या फटीत अन्न अडकून कीटण चढतं. खालच्या जबड्यात कायमचा सुळा आतल्या बाजूने येतो आणि टाळूला टोचू लागतो. दुधाचा सुळा भूल देऊन वेळीच काढावा लागतो.

हाडं काडीसारखी असतात. सोफ्यावरून उडी मारली तरी पुढच्या पायाचं हाड मनगटाच्या थोडं वर मोडतं. तिथे रक्तपुरवठा तोकडा असल्याने नुसत्या प्लास्टरने ते बरेचदा जुळत नाही, प्लेट बसवावी लागते. किलोभराच्या कुत्र्यात ही प्लेट बसवणंही जिकिरीचं.

तीन महिन्यांखालच्या पिल्लाला दिवसातून चार-पाच वेळा खायला द्या. उपाशी राहिलं तर रक्तातली साखर घसरते, पिल्लू झोकांड्या खातं, मलूल पडतं. हिरड्यांना साखरेचं पाणी चोळून लगेच दवाखाना गाठावा.

२०१७च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आपल्या छोट्या जाहिरातींत पिल्लाच्या वजनाऐवजी हा नोंदणी क्रमांक आणि आई-बापांच्या गुडघ्यांचा तपासणी अहवाल छापण्याची अट घालावी, ही विनंती.

— एक पशुवैद्यक, सातारा