महर्षी कर्वे स्मरणसभेबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पुण्यतिथीनिमित्त ९ नोव्हेंबर रोजी सायंकाळी ५ वाजता मंडळाच्या सभागृहात स्मरणसभा होईल.

१८५८ ते १९६२ असे १०४ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या अण्णांनी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असतानाच १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला, त्यापायी बहिष्कार सोसला, आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम व १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावरही त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाचे काम हाती घेतले, ही गोष्ट आम्हाला विशेष मोलाची वाटते. आनंदीबाई झालेल्या गोदूबाईंच्या कष्टांविना हा संसार आणि हे कार्य दोन्ही अपुरे राहिले असते. म्हणून सभेत त्यांच्याविषयीही आवर्जून बोलले जावे.

सभासदांना विनंती:
• बोलू इच्छिणाऱ्यांनी ५ नोव्हेंबरपर्यंत चिटणीसांकडे नाव नोंदवावे. प्रत्येकास सात मिनिटे मिळतील.
• हार-पुष्पगुच्छ आणू नयेत. त्याऐवजी मुलींच्या शिक्षणासाठी यथाशक्ति निधी द्यावा. त्याची पावती देण्यात येईल.
• ज्यांच्या आजी-पणजी हिंगण्याच्या आश्रमात शिकल्या असतील, त्यांनी त्यांची छायाचित्रे किंवा पत्रे अवश्य आणावीत.

— चिटणीस