आई, हे वहिनींनाही वाचायला दे

निशी-कासाई, तोक्यो
16 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. थंडी पडायला लागली आहे आणि मी स्वेटर घालते, काळजी करू नकोस.

रोज फोन होतो तरी पत्र का, असं तुला वाटेल. पण आपला फोन कायम स्पीकरवर असतो आणि बाबा-दादा शेजारी बसलेले असतात. परवा वहिनींनी मध्येच हळू आवाजात विचारलं, "ताई, तिकडची ती सोयाबीनची गोळी पाठवाल का? जपानच्या बायकांना पाळी जाताना काही त्रासच होत नाही म्हणे." आणि लगेच पावसाचं बोलायला लागल्या. तेव्हाच ठरवलं, हे सगळं लिहूनच कळवायचं.

आधी माझं सांगते, कारण तू त्या दिवशी रडलीस. मला काहीही झालेलं नाही. शेवटची पाळी येऊन सात महिने झाले. सलग वर्षभर आली नाही तरच ती गेली असं धरतात, म्हणजे मी अजून उंबऱ्यावरच आहे. छातीतून वाफ उठल्यासारखी मानेवर चढते, दोन-तीन मिनिटं चेहरा तापतो, मग पाठ घामाने भिजते आणि हुडहुडी भरते. रात्रीतून दोन-तीनदा. "तिथं तुला बघायला कोण आहे" असं म्हणालीस ते मला लागलं, आई. हे उठतात, पाणी देतात. रक्त तपासून झालं, थायरॉइड, बीपी सगळं ठीक आहे. इथल्या सरकारी विम्यात शंभरातले तीसच आपण भरायचे. डॉक्टरबाईंनी काम्पो म्हणून इथलं जडीबुटीचं औषध दिलं आहे. वाफांवर सगळ्यात गुणकारी हार्मोनचीच औषधं असतात, हेही त्यांनी नीट समजावलं. लागली तर घेईन, लपवणार नाही.

आता ते नात्तो. तुझी नात तुला सांगत होती ना, की आई सडकं सोयाबीन खाते. सडकं नसतं ते, आंबवलेलं असतं. थर्मोकोलच्या छोट्या डब्या मिळतात, तीन डब्या शंभर येनच्या आसपास. झाकण उघडलं की वर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. तो एका बाजूने सावकाश ओढायचा, घाई केली की तारा बोटांना, टेबलाला, बाहीला चिकटतात. आत शिजवलेले बारीक दाणे, त्यांच्यावर पांढुरकी साय धरलेली. सोबत मोहरीच्या चटणीची पुडी आणि सॉसची पुडी. मग काड्यांनी घोटायचं. आमच्या ऑफिसातल्या एक बाई आधी काहीही न घालता पन्नास वेळा घोटतात, मग सॉस घालून पुन्हा तेवढंच. घोटता घोटता दाणे दिसेनासे होतात, फेस येतो आणि काडी उचलली की हातभर तार निघते, भेंडीची बुळबुळ आणि एकतारी पाक एकत्र केल्यासारखी. ती तोडायला काडी हवेत गोल फिरवतात. लहान पोरंसुद्धा ते सफाईने करतात, मला पाच वर्षं लागली. हे सगळं गरम भातावर, सकाळी सकाळी! वास म्हणशील तर पावसात भिजलेली सोयाबीनची गंजी आतून तापते ना, अगदी तो. पहिल्यांदा डबी उघडली तेव्हा मला आपलं खळं आठवलं आणि भूकच गेली. पूर्वी हे भाताच्या पेंढ्यात बांधून करायचे, त्या पेंढ्यातच आंबवणारे जिवाणू असतात. ओसाकाकडचे लोक आजही याला नाक मुरडतात, मग आपण तर औशाची माणसं.

तर वहिनी, आता तुमच्या गोळीचं. सोयाबीनमध्ये आयसोफ्लॅव्होन नावाची द्रव्यं असतात. ती शरीरातल्या इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखी दिसतात, पण जोर फार कमी. पाळी जाताना इस्ट्रोजेन उतरतं, तिथे ही थोडा आधार देतील असा हिशेब. जपानी बायकांना वाफा कमी येतात हे 1980 च्या दशकातल्या पाहणीत दिसलं होतं, पण "काहीच होत नाही" हे खोटं. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंच्या खणात हातपंखा आणि छोटा टॉवेल कायम असतो. आणि त्या लहानपणापासून तोफू, मिसो, नात्तो असे सोयाबीनचेच पदार्थ खात आल्या आहेत. शिवाय आतड्यातले काही जिवाणू सोयाबीनपासून इक्वॉल नावाचं जास्त प्रभावी द्रव्य बनवतात, ते इथे साधारण निम्म्याच लोकांत बनतं. माझ्यात बनत नाही, लघवी तपासून पाहिलं. गोळीने कुणाला थोडा फरक पडतो, कुणाला काहीच नाही. अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीच्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2023 मध्ये वाफांसाठी ती सुचवायची नाही असंच ठरवलं. इथल्या सरकारनेही जेवणाव्यतिरिक्त गोळीतून दिवसाला 30 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. मग मी तुम्हाला कशाच्या भरवशावर पाठवू?

मावशी म्हणते तसा सोयाबीन खाऊन स्तनाचा कॅन्सर होत नाही, तिला सांग. पण वहिनी, तुमची थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटीच घ्या, सोयाबीनचं काहीही नंतर काही तासांनी. पोटात ते असलं की गोळी नीट लागत नाही.

आणि मला राहून राहून वाटतं ते हे. आपण पोत्यांनी सोयाबीन पिकवतो, लातूरच्या अडतीवर घालतो आणि घरात परत येतं ते फक्त तेल. तेलात यातलं काहीच नसतं. प्रथिनं, आयसोफ्लॅव्होन सगळं पेंडीत राहतं आणि पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्याला. एक पोतं घरी ठेवा. सोयाबीन उकळून, वाळवून, दहा किलो गव्हाला एक किलो घालून दळा. कच्चं दळू नका, पचत नाही. वाफा थांबतील असं मी म्हणत नाही. पण घरातल्या बायका भाकरी आणि ठेच्यावर दिवस काढतात, त्यांच्या पोटात प्रथिनं तरी जातील.

वहिनी, अंगावरून एवढं जातंय हे तुम्ही मला का नाही सांगितलं? पूजाकडून कळलं. "पिशवी काढून टाका" असं एका डॉक्टरने पाच मिनिटांत सांगितलं म्हणून लगेच हो म्हणू नका. आधी हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी, गरज पडली तर अस्तराची तपासणी, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत. बऱ्याचदा औषधांनी भागतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या ते 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं आहे. पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर या वाफा एका रात्रीत सुरू होतात. दवाखान्याचा खर्च मी करणार, यावर वाद नको.

आई, तुझी पाळी गेली तेव्हा तू चव्वेचाळीसची असशील. मी पुण्याला होस्टेलवर. दिवाळीला आले तर पहाटे तू अंगणात उघड्या फरशीवर झोपलेली, ओला पदर मानेवर. मी विचारलं, तू "उकडतंय गं" म्हणालीस. दिवाळीची थंडी होती. मी आत जाऊन पांघरूण घेऊन झोपले. आता रात्री खिडकीशी उभी राहते तेव्हा ती फरशीच डोळ्यापुढे येते.

हमीभाव 5328 असताना दादाला त्याच्या कितीतरी खाली माल द्यावा लागला, हे कळलं. सप्टेंबरच्या पावसाने आधीच निम्मं नेलं होतं. दीड लाख तुझ्या खात्यावर टाकले आहेत, पूजाच्या लग्नासाठी. त्यातले वीस हजार वहिनींच्या तपासण्यांचे, ते कार्यालयाच्या भाड्यात घालू नका. पाहुण्यांनी गाडी मागितली तर दादाला आधी मला फोन करायला सांग.

लग्नाला मी एकटीच येईन, चार दिवस. पोरीची दहावीची परीक्षा फेब्रुवारीतच आहे, हे तिच्यापाशी थांबतील. हळदीला पोचेन, पाठवणी झाली की त्याच रात्री निघावं लागेल. रागावू नकोस. मे महिन्यात महिनाभर येते, नक्की. चौघी मिळून सांडगे घालू.

बाबांना नमस्कार. पत्र दादाच्या हाती पडू देऊ नकोस, वहिनींना संकोच वाटेल.

तुझी,
शोभा