कागद मागितला की डॉक्टरांचा दवाखाना का रागावतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गटारीच्या रात्री भांडुपमध्ये रिक्षा मिळत नाही. मिळालीच, तर ओल्या कुत्रीला पाहून पुढे निघून जाते. आमची चंपी दोन दिवस जेवली नव्हती, पाणी मात्र भांडंच्या भांडं पीत होती. रात्री अकराला तिने ओकाऱ्या काढल्या आणि फरशीवर आडवी झाली ती उठेचना. नऊ वर्षांची देशी कुत्री, मासळी बाजाराबाहेर खोक्यात सापडलेली. यांनी तिला जुन्या चादरीत गुंडाळलं, मी छत्री धरली, आणि एलबीएस रोडवर जो दवाखाना रात्री उघडा दिसला त्यात आम्ही शिरलो. आमची पहिली चूक तिथेच झाली. म्हणजे शिरलो ती नव्हे. नऊ वर्षांत रात्रीचा दवाखाना कुठला, तिथे डॉक्टर असतो की नुसता कंपाउंडर, हे कधी विचारूनच ठेवलं नव्हतं, ती.

काउंटरवरच्या मुलाने आधी १५,००० रुपये डिपॉझिट मागितलं. यांनी कार्ड काढून दिलं. मी विचारलं, एकूण खर्च किती येईल? “ते आत्ता नाही सांगता येणार काकू. पन्नास-साठ धरून चला.” मी म्हटलं, कशाकशाचे ते लिहून द्या. तेव्हा आतून डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “तुम्हाला जनावर वाचवायचंय की हिशोब करायचाय?”

संपादक महाशय, मी ३४ वर्षं सरकारी लेखापरीक्षणात काढली. हिशोब करूनही पुष्कळ गोष्टी वाचवता येतात, हे मी पाहिलेलं आहे. पण त्या क्षणी गप्प बसले. समोर आपलं मुकं जनावर धापा टाकत असताना कोण वाद घालणार? आणि हे त्या काउंटरवरच्या मुलालाही ठाऊक असतं.

सोनोग्राफी झाली. गर्भाशयात पू झाला होता. पायोमेट्रा म्हणतात त्याला. नसबंदी न केलेल्या कुत्रीला माज संपल्यावर काही आठवड्यांत हा आजार होऊ शकतो आणि वय वाढेल तसा धोका वाढतो. खालून पू बाहेर पडत असेल तर निदान लक्षात तरी येतं. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, नुसती तहान वाढते आणि पोट फुगतं. चंपीच्या गर्भाशयाचं तोंड असंच बंद होतं. ऑपरेशन करणारे सर्जन सकाळी येणार असं कळल्यावर सलाइन लावून घेतलं आणि पहाटे तिला तिथून काढलं. बिल ९,४०० रुपये, उरलेलं डिपॉझिट परत. कन्सल्टेशन १,२००, इमर्जन्सी ३,०००, सोनोग्राफी २,५००, सलाइन-इंजेक्शनं १,८५० आणि कन्झ्युमेबल्स ८५०. कन्झ्युमेबल्स म्हणजे काय, हे मी विचारलंच. “कापूस, सिरिंज वगैरे.” त्या ‘वगैरे’त काय काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

माझी खरी तक्रार पैशाची नाही. रात्री साडेअकराला, भर पावसात दवाखाना उघडा ठेवायचा तर इमर्जन्सीचे पैसे लागणारच. मुंबईतल्या गाळ्याचं भाडं, मशीन, रात्रपाळीची माणसं, हे काय डॉक्टरांनी पदरचं घालायचं? फुकट सल्ल्यासाठी त्यांना व्हॉट्सॲपवर कुत्र्याच्या शीचे फोटो पाठवणारे आपलेच लोक आहेत. तक्रार आहे ती सोनोग्राफीच्या रिपोर्टची. पैसे भरले, रिपोर्ट मागितला, तर “तो आमच्या सिस्टीममध्ये आहे” म्हणाले. मोबाइलवर एक काळी-पांढरी आकृती दाखवली आणि मोबाइल परत खिशात. रक्ताच्या तपासणीचं तर नावच नाही, ती केली की नाही हेही सांगेनात.

सकाळी सातला शेजारच्या मुलाने त्याच्या गाडीतून आम्हाला मुलुंडला नेलं, एका साध्या, वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी चंपीला टेबलावर घेतलंच नाही, स्वतः फरशीवर बसले. वरचा ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबली, सोडली आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. पोट चाचपलं, ताप मोजला, वजन करून केसपेपरवर लिहिलं: १७.४ किलो. भुलीचं औषध आणि अँटिबायोटिक दोन्ही वजनावर मोजून द्यायचं असतं, आणि रात्रीच्या दवाखान्यात तिचं वजनच कोणी केलं नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं. रिपोर्ट हातात नसल्यामुळे सोनोग्राफी पुन्हा करावी लागली. आणखी १,८०० रुपये.

मग त्यांनी केसपेपर उलटा केला आणि मागे लिहिलं: ऑपरेशन, भूल, रक्ततपासण्या, सलाइन, दोन रात्री ठेवणं, पाच दिवसांची इंजेक्शनं. खाली आकडा, २८ ते ३४ हजार. “३४च्या वर जायला लागलं तर आधी फोन करीन. आणि किडनीवर परिणाम झालेला असेल तर वाचेलच असं सांगत नाही.” हे लिहायला त्यांना फार तर चार मिनिटं लागली असतील. शेवटचं बिल ३१,२०० झालं. तो केसपेपर मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गॅस सिलिंडरच्या पुस्तकाशेजारी ठेवलाय.

आता आमच्या पदरची चूक सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. चंपी वर्षाची असताना एका डॉक्टरांनी नसबंदी करून घ्या म्हणून सांगितलं होतं. तेव्हा सात-आठ हजारांत झालं असतं. “एकदा तरी पिल्लं होऊ देत, मग बघू” असं आमच्या सासूबाई म्हणाल्या, आणि आम्हालाही ते सोयीचं वाटलं. पिल्लं झाली नाहीत, बघायचंही राहून गेलं. तेव्हा वाचवलेले आठ हजार आम्ही आठ वर्षांनी पाचपटीने भरले. पहिल्या दोन माजांच्या आत नसबंदी केली तर स्तनांच्या गाठींचा धोकाही पुष्कळ कमी होतो, हे मुलुंडच्या डॉक्टरांकडून कळलं. आधी कळलं असतं तर ऐकलं असतं का, हे मात्र मी छातीठोक सांगणार नाही.

डॉक्टर निवडायचा तर जनावर धडधाकट असताना. लसीच्या निमित्ताने जावं, बसावं, बघावं. तोंडापासून शेपटीपर्यंत हात फिरवतात का, वजन लिहितात का, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतात की औषधाची पिशवी. भिंतीवर नोंदणी क्रमांक आहे का तेही बघावं. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पदवी घेऊन राज्याच्या परिषदेत नोंदणी केल्याशिवाय कोणाला हा व्यवसाय करता येत नाही. आमच्याच गल्लीत एक गृहस्थ खांद्याला पिशवी अडकवून घरोघरी स्वस्तात लस टोचत फिरायचे. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. त्यांच्या पिशवीत लसीबरोबर छत्री आणि जेवणाचा डबा असायचा. शेजाऱ्यांच्या पिल्लाला त्यांनी तीन लसी दिल्या, पुस्तकात सही केली, पण बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर एकदाही चिकटवलं नाही. त्या पिल्लाला पार्व्हो झाला, म्हणजे ज्यासाठी लस टोचतात तोच विषाणूचा आजार. रक्ताची हगवण, सहा दिवस सलाइन. ते वाचलं, पण स्वस्त लसीची किंमत शेजाऱ्यांना चांगलीच कळली.

औषधांबाबत एक. कुत्र्याला दिली जाणारी बरीच औषधं माणसांचीच असतात. गोचीडतापाला देतात ते डॉक्सिसायक्लिन कुठल्याही केमिस्टकडे मिळतं. डॉक्टरांना सांगावं, ब्रँडबरोबर मूळ औषधाचं नावही लिहा, म्हणजे स्वस्तातलं बघता येतं. याचा अर्थ घरच्या डब्यातली गोळी उचलून द्या असा कोणी काढू नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि कणकण वाटली की क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉलच, द्यायची आपली सवय फार जुनी आहे. बिलात जीएसटी लावलाय का तेही पाहावं. पशुवैद्यकीय उपचारांवर तो नाही. खाद्य, पट्टा, अंघोळ-केस कापणं यांवर आहे, आणि सगळं एकाच बिलात असलं की गल्लत होते.

विम्याचीही चौकशी मी ऑपरेशननंतर केली, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. वयाची अट असते, सुरुवातीचे काही दिवस दावा करता येत नाही, आधीचा आजार धरत नाहीत. तरुण जनावर असेल त्याने जरूर विचार करावा. आम्ही बँकेत महिना ८०० रुपयांची आरडी उघडली आहे. मॅनेजरने नॉमिनी विचारला तेव्हा यांनी अगदी गंभीरपणे चंपीचं नाव सांगितलं.

परळला का नेलं नाही, असं अनेकांनी विचारलं. बैलघोडा हॉस्पिटलचं नाव आमच्या पिढीला पाठ आहे. शेठ दिनशा पेटिटांनी पत्नी साकरबाई यांच्या नावाने उभारलेलं, तिथेच १८८६पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय. मध्यमवर्गाला परवडणारं आणि शिकवणाऱ्या डॉक्टरांचं ठिकाण. २०२४पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालयही झालं आहे. पण दोन्ही शीवच्या पलीकडे. रिक्षा शीवला थांबते, पुढे टॅक्सी, आणि रात्री टॅक्सीवाला आधी कुत्री बघतो, मग मीटर. भांडुप, विक्रोळी, मुलुंडची माणसं दरवर्षी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र दाखवून महापालिकेचा श्वान परवाना काढतात. निदान पूर्व उपनगरात रात्री भरवशाने जाता येईल असा पालिकेचा एक दवाखाना द्यावा, एवढी तरी मागणी रास्त असावी.

दुसरी मागणी त्याहून स्वस्त आहे. माणसांच्या नर्सिंग होममध्ये दरपत्रक लावणं राज्याच्या २०२१च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. तसंच प्राण्यांच्या दवाखान्यांतही व्हावं. नेहमीच्या तपासण्यांचे दर भिंतीवर, मोठ्या उपचारांचा कमी-जास्त अंदाज लेखी, आणि पैसे घेतलेल्या प्रत्येक तपासणीचा रिपोर्ट मालकाच्या हातात. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर तिथेही पहिला प्रश्न कागदाचाच असतो. पशुसंवर्धन खात्याने आणि राज्य पशुवैद्यक परिषदेने यात लक्ष घालावं.

चंपीचे टाके बाराव्या दिवशी निघाले. आता ती पूर्वीसारखीच दाराशी आडवी पसरते आणि दूधवाल्यावर भुंकते. एलबीएस रोडवरच्या त्या दवाखान्यात मी सोनोग्राफीचा रिपोर्ट मागायला आतापर्यंत तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा ऑपरेटर रजेवर होता, दुसऱ्यांदा प्रिंटर बंद, तिसऱ्यांदा “काकू, कुत्री बरी झाली ना, मग आता कशाला?” लेखी अर्जाची पोच मात्र घेऊन ठेवली आहे. सोमवारी चौथी खेप.

आपली नियमित वाचक,
भांडुप (पश्चिम), मुंबई